मच्छीमार होडीवरील सोनार यंत्र : बसवणी व वीजपुरवठा

पनवेल तालुक्याच्या खाडीकाठच्या गावांत भातशेती व मासेमारी हे दोन धंदे एकाच घरात नांदत आले आहेत. पावसाळ्यात खारजमिनीत भात लावावयाचे आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटावयाची, असा येथील कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. येथील खारभूमी संशोधन केंद्राचे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' हे भाताचे वाण ज्यांच्या शेतात उभे असतात, त्यांच्याच अंगणात जाळी वाळत घातलेली दिसतात. गेल्या काही वर्षांत बंदर, भराव, पूल व विमानतळ यांमुळे खाडीचे रूप पालटले आहे. जवळचे मासे उणावल्याने होड्या पूर्वीपेक्षा दूर जातात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून नौकेवरील यंत्रांविषयीचे प्रश्नही कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर अधिक येऊ लागले आहेत. प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, नावाडी नव्हे. तथापि ट्रॅक्टर, पॉवर टिलर व पंप यांच्या बॅटऱ्यांशी त्याचा रोजचा संबंध येतो, आणि होडीवरील सोनार यंत्राच्या तक्रारींपैकी फार मोठा भाग यंत्राचा नसून बॅटरीचा व तारांचा असतो, असा त्याचा अनुभव आहे.

एक प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात खाडीकाठच्या एका गावातील वयस्क नाखव्यांनी मला बोलावून घेतले. त्यांच्या मुलाने 'जिवंत' चित्र दाखविणारे सोनार यंत्र विकत आणून होडीवर बसविले होते. नाखवा म्हणाले, "साहेब, हा सोनार घरात आणायला आधी दुसऱ्या सोनाराकडे जावे लागले." सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. यंत्र चालत होते. परंतु इंजीन सुरू करताना पडदा काळा पडे, आणि इंजीन चालू असता चित्रावर आडव्या-तिडव्या रेघा उमटत. एवढ्यावर भागले असते तर हसून सोडता आले असते. पण एका रात्री त्यांनी नांगर टाकून पहाटेपर्यंत यंत्र चालू ठेवले. पहाटे इंजिनाचा स्टार्टर नुसता खटखट वाजला व थांबला, कारण इंजिनाची बॅटरी सोनारने पिऊन टाकली होती. ओहोटीच्या ओढीने नांगर सरकला आणि होडी मोठ्या जहाजांच्या वाटेकडे जाऊ लागली. बिनतारी संच त्याच बॅटरीवर असल्याने तोही मुका झाला. मोबाइलला सुदैवाने रेंज होती, म्हणून शेजारच्या गावाची एक होडी धावून आली व तिने यांना दोर लावून ओढून आणले.

होडी तपासली तेव्हा सारे कोडे उलगडले. घरगुती दिव्याची बारीक वायर इंजिनाच्या बॅटरीपासून थेट सोनारपर्यंत ओढली होती. दोन ठिकाणी ती नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आणि फ्यूज एकदा उडाल्यावर त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी दाबून बसविली होती. लाखाच्या घरातील यंत्र, आणि त्याच्या मागे शंभर रुपयांची तार! या लेखाचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे: सोनारला त्याचा स्वतःचा स्वतंत्र वीजपुरवठा असावा, आणि त्याने कोणत्याही परिस्थितीत इंजिनाच्या विजेला हात लावू नये.

यंत्र काय करते

'सोनार' हा शब्द, ध्वनीच्या साहाय्याने मार्ग व अंतर ठरविणे, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. पूर्वी आपले तांडेल दोराला शिशाचे वजन बांधून पाण्याचे वाव मोजीत. सोनार तेच काम ध्वनीने करते. पाण्यात बुडालेला जो गोळा असतो, ज्यास ट्रान्सड्युसर म्हणतात, तो कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो व तळावरून किंवा माशांच्या थव्यावरून परतणारा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. तळ १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटरचा प्रवास एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरा होतो. या कालावरून यंत्र खोली काढते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ यांनी गारगोटीच्या स्फटिकाचा उपयोग करून पाण्याखालचे प्रतिध्वनी टिपण्यात यश मिळविले. आणि १९४८ मध्ये जपानमधील नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे पहिले व्यवहार्य यंत्र मच्छीमारांच्या हाती दिले.

साध्या यंत्राच्या पडद्यावर जे चित्र दिसते ते झालेल्या गोष्टींचे असते. उजवीकडची कड म्हणजे हा क्षण, आणि डावीकडे सरकत गेलेले सर्व भूतकाळ. होडी ज्यावरून गेली तेच ते दाखविते. नव्या 'लाइव्ह' सोनारमध्ये ट्रान्सड्युसर अनेक दिशांनी ध्वनी सोडतो व पडद्यावर या क्षणी पुढे किंवा खाली काय हालत आहे ते दाखवितो. या जातीचे गार्मिन कंपनीचे 'लाइव्हस्कोप' हे यंत्र २०१८ मध्ये बाजारात आले व तेव्हापासून इतर कंपन्यांनीही तशी यंत्रे काढली.

येथे खरेदीपूर्वी विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि विक्रेते ती सांगत नाहीत. ही यंत्रे मुख्यतः अमेरिकेतील निवळ पाण्याच्या तलावांत गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी निपजली. त्यांचा ध्वनी ५०० किलोहर्ट्झच्या वरचा असतो. साध्या मासेशोधक यंत्राचा ध्वनी बहुधा ५० व २०० किलोहर्ट्झचा असतो. ध्वनी जितका तीव्र, तितके चित्र बारीक. पण तितकाच तो पाण्यात लवकर विरतो, आणि गढूळ पाण्यात चिखलाच्या कणांवर विखुरतो. पनवेल खाडीचे पाणी वर्षातून किती दिवस निवळ असते, ते वाचकांनीच मनाशी ठरवावे. शिवाय डोल जाळे ठरल्या जागी, भरती-ओहोटीच्या ओढीत लावावयाचे असते. त्यात माशाचा पाठलाग नसतो. माझे स्पष्ट मत असे की, केवळ खाडीत व बंदराच्या तोंडाशी मासेमारी करणाऱ्यास खोली व तळाचा कठीण-मऊपणा दाखविणारे साधे यंत्र पुरेसे आहे. ज्यांच्या होड्या बाहेर, खडकाळ तळावर गळाची किंवा तरत्या जाळ्याची मासेमारी करतात, त्यांनाच 'लाइव्ह' यंत्राचा खर्च भरून येण्याचा संभव आहे. समुद्रात कोणत्या दिशेला जावे हे तर सोनार सांगतच नाही. त्यासाठी हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांच्या आधारे संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती विनामूल्य देते. ती आधी पाहावी.

वीज म्हणजे पाटाचे पाणी

वीजपुरवठ्याचा हिशेब शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाही. पंपाचा जो दाब तो व्होल्ट, नळातून वाहणारे पाणी ते अँपिअर, आणि नळ म्हणजे तार. नळ अरुंद व लांब असला की शेवटच्या शेताशी पाण्याचा जोर राहत नाही. तारेचेही नेमके तसेच आहे.

समजा, पडदा व सोनारची पेटी मिळून ५ अँपिअर घेतात. (नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तेथे वॅट दिले असतील तर त्यास १२ ने भागावे.) बॅटरी यंत्रापासून ६ मीटर दूर आहे. वीज जाऊन परत यावयाची म्हणून तारेची लांबी १२ मीटर धरावी. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर वाटेतच सुमारे १ व्होल्ट दाब नाहीसा होतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.४ व्होल्ट, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत पाव व्होल्ट, आणि ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.१७ व्होल्ट जातो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यात शेकडा ३ पेक्षा, म्हणजे ०.३६ व्होल्टपेक्षा, अधिक घट होऊ देऊ नये. तेव्हा एवढ्या अंतरास ४ चौरस मिलिमीटर ही किमान तार समजावी.

एका व्होल्टने काय बिघडते, असे कोणी विचारील. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून विसावली असता १२.७ व्होल्ट दाखविते. निम्मी उतरली की १२.२; आणि ११.९ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. म्हणजे भरलेली व रिकामी यांत अंतरच मुळी पाऊण व्होल्टचे! त्यात बारीक तारेने एक व्होल्ट खाल्ला, आणि इंजिनाच्या स्टार्टरने शेकडो अँपिअर एकदम ओढून दाब ९-१० व्होल्टवर आणला, तर यंत्राशी उरते काय? बहुतेक यंत्रे १० व्होल्टच्या खाली चालत नाहीत. वरील नाखव्यांचा पडदा काळा पडण्याचे कारण हेच होते. यंत्रात काडीमात्र दोष नव्हता.

बॅटरीची निवड

आता किती मोठी बॅटरी हवी ते पाहू. ५ अँपिअर प्रमाणे रात्रीचे ८ तास, म्हणजे ४० अँपिअर-तास खर्च. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरविली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ८० ची गरज, आणि बॅटरी जुनी होत जाते हे जमेस धरून १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. ट्रकची किंवा ट्रॅक्टरची स्टार्टरसाठीची बॅटरी यास योग्य नव्हे. तिच्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर जोराचा प्रवाह देण्यासाठी ती बनविलेली असते, रात्रभर थोडाथोडा देण्यासाठी नव्हे. काही ठिकाणी घरातील इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी होडीवर नेलेली पाहिली. खोल उपशाला ती चांगली. परंतु तिचे वजन पन्नास किलोच्या वर जाते, आणि लाटेवर होडी कलली की आम्ल सांडते. न सांडणारी बंद बॅटरी घ्यावी हे बरे.

लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी वजनाने शिशाच्या निम्म्याहून कमी असते, शेकडा ८० पर्यंत बिनधोक उपसता येते, आणि शेवटपर्यंत तिचा दाब जवळजवळ सारखा राहतो. आपल्या उदाहरणात ६० अँपिअर-तासांची पुरेल. सोनारसारख्या यंत्रास ती फार मानवते. मात्र तिच्या दोन खोडी ध्यानात ठेवाव्यात. एक, ती रिकामी होण्यापूर्वी पडदा मंद होऊन इशारा मिळत नाही. आतील संरक्षक मंडल एका क्षणात वीज तोडते. दुसरी, तिला इंजिनाच्या डायनामोशी थेट जोडू नये. ती इतका प्रवाह ओढते की डायनामो तापून जळण्याचा संभव असतो. मध्ये योग्य चार्जर असलाच पाहिजे, आणि किनाऱ्यावर भरतानाही लिथियमचाच चार्जर वापरावा.

कोणतीही जात घेतली तरी नियम एकच. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि यंत्रांची वेगळी. दोन्ही एकाच डायनामोवर भरावयाच्या असतील, तर मध्ये दाबावर चालणारा रिले बसवावा. इंजीन चालू होऊन दाब १३ व्होल्टच्या पुढे गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजीन थांबले की तोडतो. हाताने फिरवावयाचा स्विचही मिळतो व स्वस्त पडतो. परंतु रात्रभर जाळे ओढून दमलेला माणूस तो फिरविण्यास विसरणारच, असे धरून चालावे. बिनतारी संच व ट्रान्सपाँडर हे सोनारच्या बॅटरीवर ठेवू नयेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून एक लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेस प्रारंभ झाला. ज्यांच्या होडीवर तो आला आहे त्यांनी त्यास स्वतंत्र फ्यूज व इंजिनाच्या बॅटरीचा किंवा तिसऱ्या लहान बॅटरीचा आधार द्यावा. संकटात मासे शोधण्याची गरज नसते, हाक मारण्याची असते.

खाडीतील अनेक लहान होड्यांच्या इंजिनांना स्टार्टरही नसतो व डायनामोही नसतो. तेथे प्रश्न सोपा आहे. बॅटरी झाकणाच्या पेटीत ठेवावी, घरी भरावी, बरोबर न्यावी. छपरावर १०० वॅटचे सौरपट व नियंत्रक बसविल्यास उघडीपीच्या दिवसांत बराच भाग भरून निघतो. मात्र केवळ त्याच्यावर विसंबू नये.

करंजासारख्या बंदरांतील मोठ्या नौकांवर इंजिनाची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. त्यांपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा फाटा काढण्याची रीत सर्रास दिसते. ही रीत घातक होय. एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी अतिभाराने उकळते, आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. प्रथम यंत्रावरील पट्टी वाचावी. काही यंत्रे १० ते ३२ व्होल्टपर्यंत चालतात. त्यांना २४ सरळ द्यावे. काही १७ व्होल्टच्या वर जळतात. त्यांच्यासाठी २४ चे १२ करणारा परिवर्तक घ्यावा.

फ्यूज, सांधे आणि तारा

फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. मुख्य फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो. तार कोठे घासून उघडी पडली व दोन टोके भिडली, तर बॅटरी आपली सारी शक्ती त्या तारेत ओतते, आणि तार लाल होते. खाली डिझेल असते, बाजूला नायलॉनची जाळी असतात, आणि होडी लाकडाची असते. याउपर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन अग्रापासून वीतभराच्या आत बसवावा. बॅटरी व फ्यूज यांमधील तारेला कोणीच राखणदार नसतो, तेव्हा ती जेवढी तोकडी तेवढी बरी. आपल्या उदाहरणातील ४ चौरस मिलिमीटरच्या तारेस १० अँपिअरचा फ्यूज योग्य. यंत्रासोबत आलेला लहान फ्यूज यंत्राजवळ वेगळा राहू द्यावा. फ्यूज उडाला तर कारण शोधावे. चांदीचा कागद, तारेचा तुकडा, खिळा यांपैकी काहीही त्या जागी घालू नये.

खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार रबराच्या आतून काळी पडत जाते; टोक कापले की एखाद्या हातापर्यंत काजळी दिसते. कल्हई केलेली, अनेक बारीक पदरांची तार मिळते. महाग असली तरी तीच घ्यावी. सांधे शक्य तितके टाळावेत. जेथे सांधा अटळ आहे तेथे दाबून बसवावयाची कल्हईची टोपी वापरून वर आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी खाऱ्या पाण्याला रोखीत नाही, उलट आत कोंडून ठेवते. बॅटरीची अग्रे घट्ट आवळून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

ऋण तारेविषयी विशेष सावध राहावे. ट्रॅक्टरमध्ये आपण ऋण टोक कोठेही लोखंडाला टेकवितो. होडीवर तसे करू नये. इंजिनाच्या सांगाड्याला टेकविलेल्या तारेतून वीज पंख्याच्या दांड्याकडे व पाण्याकडे वाट शोधते, आणि दांडा, पंखा व तळातील धातूचे भाग कुरतडले जातात. यंत्राची धन व ऋण अशा दोन्ही तारा थेट त्याच्याच बॅटरीपर्यंत न्याव्यात, आणि त्या एकमेकींत सैलसर पिळून न्याव्यात; त्याने चित्रातील रेघाही कमी होतात.

ट्रान्सड्युसर कोठे लावावा

पुस्तिकांतील चित्रे फायबरच्या, धक्क्याला तरंगत राहणाऱ्या नौकांची असतात. आपल्या खाडीत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास चढ-उतार करते, आणि ओहोटीला होडी चिखलात टेकते. तळाखाली बसविलेला गोळा पहिल्याच आठवड्यात दबतो किंवा चिखलाने माखतो. म्हणून खाडीतील होडीस उचलता येणारा खांब उत्तम. जस्ताचा मुलामा दिलेला दीड इंची नळ घेऊन तो होडीच्या बाजूस बिजागरीवर बसवावा, खालच्या टोकाला ट्रान्सड्युसर, आणि नाळेकडे व पिछाडीकडे एकेक ताणाचा दोर. केबल नळाच्या आतून वर घ्यावी. जाळे ज्या अंगाने ओढतात त्याच्या उलट अंगास खांब असावा, आणि जाळे ओढण्यापूर्वी व वेगाने जाताना तो वर उचलून बांधावा. हे शेवटचे वाक्य विसरणारा खांबही गमावतो व जाळेही फाडतो.

सतत तरंगत्या मोठ्या नौकेस तळात कायमचा ट्रान्सड्युसर बसविता येतो. अशी नौका संथ चालीची असल्यास पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या नाळेकडून सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर, मधल्या कण्याला अगदी न चिकटता, पंख्याची पाती ज्या अंगास खाली जातात त्या अंगास जागा निवडावी. हवेचे बुडबुडे हा ध्वनीचा शत्रू. इंजिनाचे पाणी बाहेर पडते त्याच्या मागे किंवा पंख्याच्या फेसात गोळा कधीही ठेवू नये. लाकडी तळात प्लॅस्टिकचा नळकांडी सांगाडा घालू नये, कारण लाकूड फुगून त्यास चीर पाडते; काशाचा घ्यावा. फायबरच्या भरीव तळातून आतूनही ध्वनी जातो, लाकडातून जात नाही. तेव्हा भोक पाडावयाचे टळेल या आशेने सागवानी होडीच्या आत गोळा चिकटविणे व्यर्थ आहे.

ट्रान्सड्युसरची केबल कधीही कापू नये. उरलेली केबल मोकळ्या वेटोळ्यात बांधून ठेवावी. ती इंजिनाच्या व डायनामोच्या तारांसोबत एकाच जुडीत नेऊ नये. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी. पडदा होकायंत्रापासून पुस्तिकेत सांगितले तेवढा दूर असावा.

चाचणी

होडी पाण्यात, इंजीन बंद. प्रथम केवळ सोनार चालू करावे व चित्र पाहून घ्यावे. मग इंजीन सुरू करावे. नंतर दिवे, बिनतारी संच, पाणी उपसण्याचा पंप, असे एकेक करीत जावे. ज्या क्षणी रेघा उमटतील त्या क्षणी चोर सापडला. याच वेळी मीटरने दोन ठिकाणी दाब मोजावा, बॅटरीच्या अग्रांवर व यंत्राच्या मागे. दोहोंतील फरक ०.३६ व्होल्टहून अधिक आला तर कोठेतरी सांधा सैल आहे किंवा तार बारीक आहे. चांगला मीटर काही शे रुपयांत येतो, आणि यंत्र घेणाऱ्याने तो घेतल्यावाचून राहू नये.

वरील नाखव्यांच्या होडीवर आम्ही सारी तार काढून टाकली. दुसरी बॅटरी, रिले, ४ चौरस मिलिमीटरची तार, दोन फ्यूज व एक पेटी एवढ्यानेच काम झाले. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ होता. मुलगा रेघांच्या मागे दोन तास होता. शेवटी पाणी उपसण्याचा पंप हाच चोर निघाला. त्याची तार वेगळ्या बाजूने नेल्यावर चित्र स्वच्छ झाले. पाटल्या अद्याप सुटल्या नाहीत, असे परवाच कळले.

एक खुलासा करणे आवश्यक आहे. होडीवर दुसरी बॅटरी आली की तिच्यावर पाण्यातील दिवे लावण्याचा मोह काहींना होतो. एलईडी दिव्यांच्या प्रखर प्रकाशाने मासेमारी करण्यास केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी केली असून, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ मध्ये २०२१ साली झालेल्या सुधारणेने दंडही कडक झाले आहेत. सोनारला अशी बंदी नाही. पण पडद्यावर लहान माशांचा दाट थवा दिसला म्हणून बारीक आसाचे जाळे टाकणे, हा आपल्याच बियाण्याचा भात कांडून खाण्याचा प्रकार होय.

पावसाळी बंदीत होडी किनाऱ्यावर ओढली की पडदा, पेटी व बॅटरी घरी आणावी. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी व दर महिन्यास पुन्हा भरावी. रिकामी ठेवलेली बॅटरी दोन महिन्यांत सल्फेटच्या पांढऱ्या थराने निकामी होते. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून चुलीजवळ किंवा बंद खोलीत भरू नये. लिथियमची मात्र निम्मी-अधिक भरून, कोरड्या जागी, तारा सोडवून ठेवावी. ट्रान्सड्युसरच्या तोंडावरील कालवे व शेवाळ ओल्या फडक्याने किंवा लाकडी पट्टीने काढावे, सुरीने खरवडू नये, आणि पेट्रोल किंवा थिनर लावू नये, त्याने त्याचे तोंड विरघळते. टोप्या व जोडण्या गोड्या पाण्याने पुसून, वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधाव्यात. नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी सर्व पुन्हा जोडून, होडी अजून वाळूवर असतानाच दाब मोजून पाहावा.